एकेरी कुंपण की दुहेरी?

इटलीच्या सार्डिनिया बेटावर आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग 1978 साली आला आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ ठाण मांडून बसला. मोकाट सोडलेली डुकरं आणि रानडुकरं एकाच रानात चरत, हे त्याचं मोठं कारण.

पाळीव डुकरांच्या आवाराला एकेरी कुंपण स्वस्त, उभारायला सोपं. पण माजावर आलेल्या मादीच्या वासाने रानातला नर रात्री जाळीपाशी येतो, नाकाला नाक लागतं, रोग लागायला तेवढं पुरे होतं. दुहेरी कुंपणातली मधली मोकळी पट्टी हा स्पर्शच तोडते. जर्मनीत उघड्यावर डुकरं पाळायची तर ते कायद्यानेच लागतं. खर्च बराच वाढतो, तरी माझा कौल दुहेरीलाच. बुटाच्या चिखलातून आणि खरकट्यातून मात्र रोग दोन्ही कुंपणं ओलांडतो. बूट फाटकाशीच बदला.