ग्रुप लीड करायला शिकायचंय: कोर्स की जुन्या लीडरचा हात धरून?

ग्रुपला ट्रेकला न्यायला शिकायचं तर आधी कोर्स करावा की अनुभवी लीडरसोबत असिस्टंट म्हणून फिरावं? कोर्सचा मोठा फायदा फर्स्ट एड. पाय मुरगळलेल्याला खाली कसं आणायचं हे हाताने करून घेतात, बेसिक वाइल्डरनेस फर्स्ट एड (दवाखान्यापासून लांब, रानात करायचे प्रथमोपचार) साधारण १६ तासांचं असतं, आणि ते नुसतं लीडरच्या मागे फिरून येत नाही कारण तशी वेळ रोज येत नाही (येऊही नये). प्लॅनिंगचे आडाखेही मिळतात, स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियमच घ्या, चालायला किती वेळ लागेल त्याचा: ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला अजून एक. पण हा हिशोब चांगल्या चालणाऱ्यांचा, ग्रुप चालतो सगळ्यात हळू माणसाच्या स्पीडने आणि तो दमलाय हे स्वतः कधीच सांगत नाही, गप्प होतो, मागे पडतो, पाणी प्यायचं विसरतो. हे ओळखायला लीडरच्या बाजूला चालावंच लागतं. अर्ध्यातून कधी परत फिरायचं तेही तसंच. फक्त लीडर बेफिकीर असला तर त्याच्या सवयी पण लागतात, तेवढं बघून घ्या.

मी म्हणेन आधी चार-पाच वेळा असिस्टंट म्हणून ग्रुपच्या शेवटी चाला, मग कोर्स करा, तेव्हा विचारायला खरे प्रश्न असतात.