आधी अंक की आधी लिंक? जुन्या वर्तमानपत्रांचा संदर्भ लिहिताना

वंशावळ जुळवताना ऑनलाइन संग्रहात घरातल्या कुणाची जुनी निधनवार्ता किंवा लग्नाची बातमी सापडली, की तिची नोंद बहुतेक जण दोनपैकी एका पद्धतीने करतात. काही जण आधी संकेतस्थळ आणि लिंक लिहितात, वर्तमानपत्राचं नाव राहिलं तर राहिलं. काही जण वर्तमानपत्र, गाव, तारीख, पान, रकाना असा पूर्ण पत्ता लिहून लिंक शेवटी ठेवतात. मी चार वर्षं पहिल्या पद्धतीने नोंदी केल्या आणि मग दुसरीकडे वळलो.

लिंकवाल्यांची बाजू कच्ची नाही. हाताला लागलेला धागा तुटू नये म्हणून पटापट पुढे जायचं असतं, तेव्हा लिंक चिकटवायला क्षणभर पुरतो. शिवाय काही सार्वजनिक संग्रहांनी लिंकची काळजी मनापासून घेतली आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्हमध्ये प्रत्येक मजकुराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. न्यूझीलंडच्या पेपर्स पास्टच्या लिंकमध्ये तर वर्तमानपत्राच्या नावाचं लघुरूप आणि अंकाची तारीखच गुंफलेली असते, म्हणजे ती उघडली नाही तरी तिच्यावरून अंक शोधता येतो. तुमचं सगळं काम अशाच संग्रहांत असेल, तर लिंकवर विसंबायला माझी फारशी हरकत नाही.

माझं काम तसं नव्हतं. पणजोबांच्या धाकट्या भावाची निधनवार्ता मला एका वर्गणीवाल्या संग्रहात मिळाली. नोंदीत मी लिंक चिकटवली आणि पुढे 'निधनवार्ता, थोरल्या भावाचा उल्लेख' एवढंच लिहिलं. सोबतचं कात्रणही नेमकं मजकुरापुरतं कापलेलं, वरची नाव-तारखेची पट्टी त्यात नाही. पुढे वर्गणी संपली. दोन वर्षांनी चुलतबहिणीने विचारलं, "त्यात त्यांच्या मुलींची नावं होती का रे?" कात्रणात शेवटच्या दोन ओळी आल्याच नव्हत्या. लिंक उघडली तर लॉगिनचं पान. पुन्हा वर्गणी भरली, तरी बातमी दिसेना, कारण मी जपून ठेवलेली लिंक त्या मजकुराची नव्हतीच, त्या दिवशीच्या शोधाची होती. आडनाव टाकून शोधलं, काहीच आलं नाही. ओसीआरने, म्हणजे प्रतिमेतली अक्षरं ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीने, आडनावातलं एक अक्षर भलतंच वाचलं होतं आणि पहिल्या वेळी मी कोणता शब्द टाकून तिथवर पोचलो, ते काही केल्या आठवेना. तीन रविवार एकेक अंक, एकेक पान चाळलं तेव्हा बातमी पुन्हा दिसली. मुलींची नावं होती, तिघींची. तारीख, पान आणि रकाना लिहून ठेवला असता, तर तोच अंक एखाद्या ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर (पानांचे बारीक फोटो असलेल्या फितीवर) काढून बघता आला असता, वर्गणी न भरता.

लिंक एका संकेतस्थळाची असते. अंकाचा पत्ता तो अंक जिथे जिथे असेल तिथे चालतो, मग संग्रहाचा मालक बदलो की संकेतस्थळाची रचना. मजकुराचा अर्थही पुष्कळदा तारखेवरच अवलंबून असतो. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत '१२ इन्स्टंट' म्हणजे चालू महिन्याची १२ तारीख आणि '१२ अल्टिमो' म्हणजे मागच्या महिन्याची. अंकाची तारीख हातात नसेल, तर लग्न कोणत्या महिन्यात झालं हेही सांगता येत नाही. 'गेल्या मंगळवारी' वाचलं तरी तीच गत.

अंक आधी लिहायला वेळ जास्त लागतो, हे मान्य. आणि चुकायच्या जागाही आहेत. माझी नेहमीची चूक पानाच्या आकड्याची. संकेतस्थळ दाखवतं तो बहुधा स्कॅनचा अनुक्रमांक असतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकाच्या जुन्या लिंकमध्येही शेवटचा आकडा हा क्रमच असे. मध्ये पुरवणी आली, की छापील पान आणि हा क्रम जुळत नाहीत. म्हणून मी पानावर छापलेला आकडा लिहितो, तो नसेल तर 'प्रतिमा ७' असं स्पष्ट म्हणतो. एकाच नावाची वर्तमानपत्रं वेगवेगळ्या गावांत निघायची, तेव्हा गाव हवंच. एका दिवशी दोन आवृत्त्या निघाल्या असतील तर आवृत्तीही. रकाने डावीकडून मोजायचे.

लिंक मात्र मी टाकून दिलेली नाही. आपण कागद पाहिलेला नसतो, त्याची प्रतिमा पाहिलेली असते, आणि तीही पुष्कळदा जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेली, कडेची अक्षरं काळवंडलेली. ३ की ८ हा वाद पुढे निघालाच, तर कोणती प्रतिमा पाहिली ते ठाऊक असायला हवं. म्हणून संग्रहाचं नाव, लिंक आणि पाहिल्याची तारीख शेवटी येतेच, फक्त लिंक शोधाच्या पानाची नाही ना, एवढं बघून घेतो.

घरच्यांना दाखवण्यापुरत्या दहा-बारा नोंदी करायच्या असतील, तर कदाचित लिंक पुरेल. माझ्याकडे जुन्या पद्धतीच्या दोनशेच्या वर नोंदी आहेत. रोज पाच-सहा उघडून त्यांत तारीख, पान, रकाना भरतो आहे. वर्गणीवाल्या संग्रहांतल्या आधी घेतल्या आहेत, वर्गणी चालू आहे तोवर.