मादागास्करची तेरा दिवसांची सेवा-सहल : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

परत आलो त्याच रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्ष द्यायला (आलेला अनुभव सांगायला) उभा राहिलो होतो. त्या दिवशी जे बोललो त्यातलं निम्मं आज बोलणार नाही. खोटं नव्हतं, पण घाईचं होतं. एका शाळेवर पत्रे चढवून आलो होतो, आणि पत्र्याच्या कामाचा निकाल पावसाळा गेल्यावरच लागतो. तिकडे वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल असतो. तो आता सरला, म्हणून आता लिहितो.

मी अहिल्यानगरचा. एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. शेड, छपराच्या कैच्या, ग्रिल, गेट ही कामं वीस वर्षं करतोय. ओळखीच्या एका पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, एका संस्थेची माहिती दिली: सप्टेंबरमध्ये मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर, वादळात छप्पर उडालेल्या मंडळीच्या शाळेचं काम. बारा जणांचा गट होता. त्यात कॉलेजची पाच मुलं-मुली, दोन नर्स, एक निवृत्त शिक्षिका, बाकी नोकरीवाले. बांधकामातला मी एकटाच. माणशी खर्च १ लाख ८५ हजार. त्यातले साठ हजार मंडळीने जमवून दिले, बाकीचे घरचे. हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचा हिशेब यायचा आहे.

प्रवासाचं थोडक्यात. मुंबईहून मॉरिशस, तिथून राजधानी अंतानानारिव्हो. हे शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ १३०० मीटरवर आहे, सप्टेंबरात पहाटे स्वेटर लागतो. आमच्यापैकी निम्म्यांनी 'उष्ण देश' म्हणून स्वेटर घेतलेच नव्हते. पुढे दोन दिवस गाडीने, अंतसिराबे, अंबोसित्रा करत घाट उतरून रानोमाफानाच्या जंगलातून मनान्झारीकडे. रात्री गाडी चालवायची नाही, हा नियम ड्रायव्हरने काटेकोर पाळला आणि तो योग्यच होता. रस्ते खराब आहेत आणि वाटमारीची भीती आहे.

व्हिसा, बॅगा यांत मला काही अडचण आली नाही. गोळ्यांबद्दल मात्र नीट सांगतो. पूर्व किनाऱ्यावर मलेरिया भरपूर आहे. आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घेत होतो. रोज एक, निघायच्या आदल्या दिवसापासून ते परत आल्यावर पुरते चार आठवडे. रिकाम्या पोटी घेतली की छातीत जळजळ होते, आणि उन्हात कातडी लवकर भाजते, म्हणून पत्र्यावर काम करताना पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. आमच्यातल्या एका मुलाने घरी आल्यावर 'आता कसला मलेरिया' म्हणून गोळ्या सोडल्या. तिसऱ्या आठवड्यात तापाने फणफणला, दवाखान्यात ठेवावं लागलं. बरा झाला, देवाची कृपा. पण शेवटच्या गोळीपर्यंत सहल संपलेली नसते, एवढं लक्षात ठेवा. तिथल्या गोड्या पाण्यात, ओढ्यात पोहायलाही उतरू नका. पाण्यातून बिल्हार्झियाचे जंतू कातडीतून शरीरात शिरतात.

पोचल्यावर गावातली माणसं भेटायला आली आणि पहिला शब्द कानावर पडला तो 'सलामा'. मंडळीत एकमेकांना 'सलाम' करतच आम्ही वाढलो. अर्ध्या पृथ्वीपलीकडे कुणी तसाच सलाम करेल असं वाटलं नव्हतं, माझे डोळे भरून आले. भाताला तिथे 'वारी' म्हणतात. तिन्ही वेळा भातच. भात काढून घेतला की भांड्याच्या तळाला लागलेल्या खरपुडीवर पाणी ओतून उकळतात आणि ते खरपूस वासाचं पाणी जेवताना पितात. त्याला 'रानोवोला' म्हणतात. मला ते इतकं आवडलं की आता घरीही कधीकधी करतो. आणि किनाऱ्यावरच्या गावांत तीनचाकी रिक्षेला चक्क 'बजाज' म्हणतात. आपल्या शेजारच्या वाळूजला होते ती गाडी. आमच्या वाळूजच्या पाव्हण्यांना फोटो पाठवला, तर त्यांनी तो कंपनीतल्या सगळ्यांना दाखवला.

आता कामाबद्दल. हा भाग सविस्तर लिहितो.

त्या पट्ट्याला ५ फेब्रुवारी २०२२ ला 'बॅटसिराई' वादळ धडकलं, शंभरावर माणसं गेली. वर्षभराने, २१ फेब्रुवारी २०२३ ला, 'फ्रेडी' तिथेच आलं. शाळेचं छप्पर पहिल्यात गेलं, कसंबसं डागडुजी केलेलं दुसऱ्यात गेलं. भिंती सिमेंट ब्लॉकच्या, त्या उभ्या होत्या. बाकी गाव बघाल तर रावेनालाचं. पंख्यासारखी पानं असलेलं, केळीच्या जवळचं झाड. त्याच्या देठांच्या भिंती, पानांचं शाकारणं. कोकणात झावळ्यांनी शाकारतात तसंच. वादळात ती घरं पडतात, पण आठ-दहा दिवसांत पुन्हा उभी राहतात. आणलेल्या पत्र्याचं तसं नाही. तो उडाला की पैशाअभावी वर्षानुवर्षं छप्पर उघडंच.

संस्थेने नकाशा तयार आणला होता: दुपाखी छप्पर, आणि तेच पाखं (छपराचा उतार) पुढे लांबवून पडवीवर. दिसायला सुबक आणि कामाला सोपं. इकडे आम्ही असंच करतो, त्यामुळे मलाही त्यात वावगं दिसलं नाही. गावचा सुतार-मिस्त्री साधारण पन्नाशीचा. त्याने नकाशा पाहिला आणि मान हलवली. त्याचं म्हणणं, पडवी वेगळी हवी. मुख्य छपराच्या वीतभर खाली, तिचे वासे वेगळे, तिचे खांब वेगळे. आमच्या गटप्रमुखांना ते पटेना. पत्रे मोजून आणलेत, दिवस मोजके आहेत, मुलांचा व्हीबीएसचा (सुट्टीतल्या बायबल-शाळेचा) कार्यक्रम ठरलाय. तिथले पाळक इंग्रजीत भाषांतर करत होते, पण दोन्हीकडचं बोलणं मध्येच अडकत होतं.

मग त्या मिस्त्रीने डोक्यावरची गवती टोपी काढली, रुंद काठाची. जमिनीवर ठेवली, गुडघे टेकून वाकला आणि काठाखाली जोरात फुंकर मारली. टोपी उलटून पडली. पुन्हा ठेवली, काठ चारी बाजूंनी खाली मुडपला आणि फुंकर मारली. टोपी जागची हलली नाही. तिसऱ्यांदा काठ बोटाने नुसता टोपीपासून फाडल्यासारखा करून दाखवला, म्हणजे काठ गेला तर जाऊ दे, डोकं झाकलेलं राहील.

मी वीस वर्षं शेड उभारतोय. आमच्याकडे विचार करतो तो पत्र्यावरच्या भाराचा, पावसाचा, गळतीचा. वाराही हिशेबात असतो, पण छप्पर खालून उचललं जातं ही गोष्ट त्या टोपीने जशी कळली तशी कुठल्या पुस्तकाने सांगितली नव्हती. वळचणीला आणि कोपऱ्यांना वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त, म्हणून तिथे खिळे दाट हवेत. वासा भिंतीला नुसता ठोकायचा नाही, पट्टीने बांधायचा. हे त्याचं ज्ञान त्याने दोन छपरं उडताना बघून कमावलेलं होतं.

मी त्याच्या बाजूने उभा राहिलो. गटप्रमुख नाराज झाले. अबोला नव्हता, पण पुढचे चार दिवस जेवताना आमच्या टेबलावर शांतता असायची. पडवी वेगळी झाली. दोन दिवस जास्त गेले, व्हीबीएसची एक दुपार रद्द झाली, आणि पडवीचे पत्रे शेवटच्या दिवशी, गाडी उभी असताना मारले. मुलं स्क्रू मारत होती, मी खालून ओरडत होतो. कडेला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा होता, आम्ही दर तिसऱ्याला मारला. मला ते दिसत होतं. वेळ नाही म्हणून मी गप्प बसलो. साक्ष देताना हे सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

फेब्रुवारीत तिथे दोन रात्री मोठा वारा झाला. तिसऱ्या दिवशी पाळकांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. पडवीचे तीन पत्रे गेले होते, नेमके आम्ही घाईत मारलेल्या कडेचे. मुख्य छपराचा एकही पत्रा हलला नव्हता. आत बाकं कोरडी, फळ्यावर आदल्या आठवड्याचं लिहिलेलं तसंच. नकाशाप्रमाणे एकच पाखं केलं असतं तर पडवीतून शिरलेल्या वाऱ्याने वरचं सगळं सोलून नेलं असतं. मी तो फोटो वर्कशॉपमध्ये लावलाय.

आणखी एक. आम्ही बॅटरीचे ड्रिल आणि सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू घेऊन गेलो होतो. गावात वीज नाही, जनरेटरवर चार्जिंग. आम्ही निघालो तसे ड्रिलही निघाले. मग तीन पत्रे परत बसवायला मिस्त्रीकडे स्क्रू होते पण ते फिरवायला काही नव्हतं, त्याने टोपीचे (रुंद डोक्याचे) खिळे आणि रबरी वॉशर वापरून काम केलं. आधीपासून तेच वापरायला हवे होते. तिथे जे मिळतं, तिथला माणूस जे दुरुस्त करू शकतो, तेच त्या छपराला लावायचं. निघताना मी त्याला ड्रिल देऊ केलं, त्याने घेतलं नाही. माझ्या पेटीतली तिकोनी कानस उचलून बघत राहिला. त्याच्या करवतीचे दात पार बोथट झाले होते, धार लावायला कानस नव्हती. ती मी त्याला दिली.

आता हिशेब. बारा जणांचे बावीस लाख झाले. त्यातला छपराच्या मालावर आणि तिथल्या मजुरीवर गेलेला भाग थोडा, विमान-गाडी-जेवणाचा मोठा. त्या पैशांत मिस्त्रीने आणि त्याच्या चार माणसांनी कितीतरी शाळा झाकल्या असत्या, आणि त्यांच्या घरी मजुरीही गेली असती. आम्ही पत्रे मारत होतो तेव्हा गावातली धडधाकट पोरं कुंपणाशी उभी राहून बघत होती. ते दृश्य मला अजून बोचतं. तरी 'जाऊच नका' असं माझ्याच्याने म्हणवत नाही. गेलो नसतो तर तो माणूस भेटला नसता, आणि परत आल्यावर आमच्यापैकी चौघं दर महिन्याला जे थोडं थोडं पाठवतो तेही सुरू झालं नसतं. पैसे पाळकांच्या मंडळीच्या खात्यात जातात, हिशेब महिन्याच्या महिन्याला येतो.

जाण्याआधी मला वाटत होतं आपण सुवार्ता घेऊन चाललोय. रविवारी उपासनेला बसलो तेव्हा कळलं. उपासना चांगली तीन तास, खांद्यावर पांढरी लांबा पांघरलेल्या बायका, आणि चार सुरांतलं गाणं असं की भिंती भरून जाव्यात. तिथे १८१८ साली वेल्समधून मिशनरी आले, त्यांची घरची माणसं तापाने वर्षभरात गेली. १८३५ मध्ये बायबल मालागासी भाषेत छापून झालं. त्याच वर्षी पहिल्या रानावालोना राणीने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, १८३७ मध्ये रासालामा नावाच्या बाईंना भाल्याने मारलं. मिशनरी निघून गेले. राणी १८६१ मध्ये वारली, तोवर एवढी वर्षं बाहेरचं कुणी नसताना मंडळी लपून वाढत राहिली. हे त्यांच्या पाळकांनी सांगितलं तेव्हा आमच्यातल्या निवृत्त बाई हळूच म्हणाल्या, "आपण यांना काय शिकवायला आलो रे?"

आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. मिरजेला मिशन दवाखान्याच्या डॉ. वॉनलेसांनी जवळजवळ चाळीस वर्षं काढली. आलेली माणसं मराठी शिकली, इथेच त्यांची मुलं वाढली, काहींच्या कबरी इथेच आहेत. आणि आम्ही गातो ती भजनं मात्र ना. वा. टिळकांची, आपल्या मातीतली. मी त्या मंडळीचा पणतू, तेरा दिवसांसाठी गेलो होतो. तेरा दिवसांत भाषा येत नाही. 'मिसाओत्रा' म्हणजे आभार आणि 'मोरा मोरा' म्हणजे सावकाश, एवढंच माझ्याजवळ उरलंय.

कुणी विचारतं, संस्था कशी निवडायची. मी एवढंच विचारा म्हणतो: काम कुणी मागितलं, तिथला कोण माणूस आमच्या डोक्यावर असणार, आणि तो नको म्हणाला तर काम थांबणार का. उत्तर देताना समोरचा चाचरला तर पैसे भरू नका. नर्स, सुतार, गवंडी, प्लंबर, शिक्षक असाल तर तुमचं काम तिथल्या कारागिराच्या हाताखाली करा, त्याच्या डोक्यावर बसून नाही. अनाथाश्रमाला तासाभराची भेट कार्यक्रमात असेल तर ती काढायला सांगा. लेकरं बिलगतात, आणि आपण निघून येतो. आमच्या कार्यक्रमात होती, शिक्षिकाबाईंनी ठाम नकार दिला म्हणून टळली. लहान मुलांचे फोटो काढण्याबद्दलही त्यांनीच सगळ्यांना पहिल्या दिवशी समज दिली.

या सप्टेंबरला गट जाणार नाही. मी आणि एक इलेक्ट्रिशियन मित्र, दोघंच जाणार आहोत, पाच आठवड्यांसाठी. पलीकडच्या वस्तीतल्या शाळेचं छप्पर आहे. मिस्त्री आणि त्याची चार माणसं रोजावर काम करणार, आम्ही त्यांच्या हाताखाली. आणायच्या सामानाची यादी त्यानेच सांगितली, पाळकांनी लिहून पाठवली: तिकोन्या कानशी तीन, करवतीची पाती दोन, दोरी आणि ओळंबा. ओळंबा आमच्या वडिलांचा पितळी आहे, तोच नेतोय. बाकीचं काल बाजारातून आणून पेटीत ठेवलंय.