मसुऱ्याचा होमस्टे आणि दोन गड : काकांना पाच स्टार, बाकीचं बघून घ्या

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मालवणजवळच्या मसुऱ्यातल्या होमस्टेच्या खोलीचा कमी आणि तिथल्या काकांच्या गड दाखवण्याचा जास्त आहे. खोली म्हणजे खोली. पंखा कुरकुरतो, गरम पाणी बंबातलं, बादलीने आणून देतात, चादरी मात्र स्वच्छ. झालं खोलीचं.

जानेवारीत आम्ही तिघं चिपळूणहून निघालो, मी, बाबा आणि माझा भाचा (वय 11, प्रश्न विचारायचा थांबत नाही). 2025च्या जुलैत आपले 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले ना, त्यावर त्याला शाळेत प्रोजेक्ट होता, म्हणून सिंधुदुर्ग बघायचाच होता. मसुऱ्याचे हे दोन गड, भरतगड आणि भगवंतगड, त्या यादीत नाहीत, मालवणात ओळखीच्या एकीने सांगितलं म्हणून गेलो, आणि खरं सांगायचं तर बाबा गाडीत अख्खा रस्ता म्हणत होते की पडके चिरे (जांभ्याचे घडीव दगड) बघायला माणशी सहाशे रुपये कोण देतं. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, पैशाचा हिशोब त्यांच्या रक्तात आहे.

सिंधुदुर्गाचं आधी उरकते कारण तुलना करायचीच आहे. किल्ल्याबद्दल मी काय बोलणार, 25 नोव्हेंबर 1664ला कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि तट अजून लाटा खातोय, तिथे हात जोडायचे. दरवाजा असा तटाच्या वळणात दडवलाय की बोट अगदी जवळ जाईपर्यंत कळतच नाही आत कुठून शिरायचं. पण आम्हाला मिळाला एक तास, उतरतानाच बोटवाल्याने बजावलं. त्या तासात शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यातल्या हाताच्या ठशापाशी रांग, दूधबाव साखरबाव दहीबाव या विहिरी धावतपळत, आणि ज्यांना पैसे दिले ते गाइड पंधरा जणांना घेऊन पुढे पळतायत. भाच्याने विचारलं पायाच्या दगडांत शिसं ओतलं ते समुद्राच्या पाण्यात कसं ओतलं, तर उत्तर आलं "पुढे चला, पुढे चला". पोरगं परतताना बोटीत गप्प. बाबांनी तटावर चढायला सुरुवात केली आणि वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी मसुरे. मालवणहून गाडीने साधारण अर्धा तास, वाटेत माड, शेतं, मग डोंगर जवळ येतात आणि समुद्र कुठेतरी मागे राहतो. होमस्टेच्या दारात काका उभेच. "खयसून इलास? वायच बसा, चाय घेवा."

आता तक्रार. फोनवर आम्हाला सांगितलं होतं सकाळी सातला निघू आणि तीन गड, भरतगड, भगवंतगड, रामगड. प्रत्यक्षात भरतगडावर आंब्याची बाग आहे, खाजगी, आणि मोहरावर फवारणी चाललेली, त्यामुळे "धा वाजापर्यंत आत जावचा नाय". हे आदल्या रात्री कळवता आलं असतं की नाही? आम्ही पाचला उठून आंघोळी करून बसलेलो. रामगड शेवटी झालाच नाही, आणि मी विषय काढल्यावरच माणशी शंभर परत केले, स्वतःहून नाही. होमस्टेचा एक स्टार तिथेच गेला.

पण त्या मोकळ्या तीन तासांत काकूंनी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी केली, बाबांनी मोजून सात घावणे खाल्ले. ते जाऊ दे.

दहाला वर चढलो. चढ फार नाही, पण उन्हात जांभ्यावरून चालणं म्हणजे तव्यावरून चालणं, टोपी घ्या. बागेतून जाताना मोहराचा वास आणि औषधाचा वास एकत्र येतो, डोकं जरा जड होतं. मग एकदम खंदक, आणि त्याच्या पलीकडे तट. काका इतिहास दोन वाक्यांत सांगतात, सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी 1701मध्ये हा बांधला, नदीपलीकडे बावडेकर पंत अमात्यांनी उत्तर म्हणून भगवंतगड उभा केला, 1818ला इंग्रजांनी दोन्ही घेतले, संपलं. तोफा डरकाळ्या रक्ताचे पाट वगैरे काही नाही. आणि मग चिऱ्यांवर येतात, तिथे हा माणूस उघडतो.

त्यांनी भाच्याचा हात धरून एका चिऱ्यावर ठेवला. "हात लावन बघ." पृष्ठभागावर तिरक्या रेघा, बोटाएवढ्या रुंद, सगळ्या एकाच दिशेने. ही टाकीची, म्हणजे दगड तासायच्या छिन्नीची खूण. खाणीतून काढलेला ताजा जांभा मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो, म्हणून चिरा काढल्या काढल्या तासून घ्यायचा, उशीर केला तर हत्यार बोथट. रेघा उजवीकडून डावीकडे उतरतात म्हणजे घाव घालणारा कुठल्या बाजूला उभा होता हे काकांनी स्वतः वाकून, खोटी टाकी धरून दाखवलं. दोन चिरे सोडून तिसऱ्यावर रेघा उलट्या. "हो डावरो आसतलो," काका म्हणाले, म्हणजे डावखुरा असणार. खरं खोटं देव जाणे, पण भाच्याने पुढचा अर्धा तास डावऱ्याचे चिरे शोधले, सात सापडले म्हणतो. शिवाय जांभ्याला सगळीकडे भोकं, त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून अशा गडांवर नक्षी शोधू नका, हे मला पहिल्यांदाच कोणी समजावून सांगितलं. चिपळुणात जन्म गेला, घर चिऱ्याचं, आणि मला माहीत नव्हतं.

बालेकिल्ल्यात विहीर आहे. खोली 228 फूट सांगतात. मोबाइलचा टॉर्च मारला तर वरचे थोडे थर दिसतात, कडेला उगवलेली झाडं, खाली नुसता काळोख आणि गार वाफ तोंडावर. अर्थात पोराने लगेच दगड उचलला, पडायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉच लावून मोजायचं म्हणून. काका कडाडले, "गडाचो दगड बावीत टाकलंस तर वर कोण काढतलो, तुझो आजो?" आजो बाजूलाच उभा होता, तो हसला. मग वहीवर गणित झालं, चार सेकंद येतात.

कठडा मात्र भरवशाचा नाही, लहान मुलं असतील तर हात सोडू नका. टॉयलेट गडावर नाही, खालूनच जाऊन या.

भगवंतगडासाठी होडीने गड नदी ओलांडली. होडी होमस्टेच्याच ओळखीची, पैसे सहाशेत धरलेले, लाइफ जॅकेट दोनच आणि माणसं पाच, हे सुधारा हो काका. बाबांचा गुडघा बोलायला लागला म्हणून ते खालीच होडीवाल्याशी गप्पा मारत बसले, आम्ही वर गेलो. हा गड खरा पडका. सिद्धेश्वराचं देऊळ आहे, बाकी रान. करवंदीने माझी ओढणी फाडली. तटात झाडाची मुळं अशी शिरलीत की चिरा कुठे संपतो आणि मूळ कुठे सुरू होतं कळत नाही. मी म्हटलं ही मुळं तोडत का नाहीत, तर काका म्हणाले मुळांनीच भिंत फोडली आणि आता मुळांनीच धरून ठेवलीय, नुसती कापली तर पावसाळ्यात सगळं खाली येईल, ते काम जाणकारानेच करायचं. वरून समोर भरतगडाची आंब्याची टोपी दिसते, मधे नदी. वैऱ्याच्या अंगणात रोज सकाळी काय वाळत घातलंय हेसुद्धा दिसलं असेल. तिथे आम्ही चांगला पाऊण तास बसलो, कोणी हाक मारली नाही.

दुपारी जेवण, उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. तिखलं जरा जास्तच तिखट होतं, भाच्याला वेगळं वरण दिलं न सांगता.

निघताना बाबांनी पाकीट काढलं आणि परत मिळालेले तीनशे काकांच्या हातात ठेवले. मला राग आला, मी भांडून मिळवलेले ते! विचारलं तर म्हणाले, त्या डावऱ्याचे.

जाणाऱ्यांसाठी : यूपीआयच्या भरवशावर राहू नका, रेंज जाते येते, रोख ठेवा. फवारणीचं आदल्या दिवशी स्वतः फोन करून विचारा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि आंगणेवाडी याच गावात, भराडीदेवीच्या जत्रेच्या दिवसांत खोली मिळायची आशा सोडा, तारीख दरवर्षी कौल घेऊन ठरते, ती बघूनच बेत करा.