मॉन्टा व्हिस्टा की फ्रीमॉन्ट हाय? ऑफर देण्याआधी आकडे नीट वाचा

कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनो-सनीव्हेल पट्ट्यात घर बघायला लागलात की एजंट चौरस फुटांच्या आधी शाळा सांगतो, कारण सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. ‘मॉन्टा व्हिस्टा लागते’ म्हटलं की किंमत काही लाख डॉलरनी वर चढते आणि ‘फ्रीमॉन्ट हाय’ म्हटलं की आपली मंडळी एकमेकांकडे बघतात. दोन्ही सरकारी शाळा, एकाच फ्रीमॉन्ट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या), मध्ये अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. (फ्रीमॉन्ट हाय सनीव्हेलमध्ये आहे. खाडीपलीकडच्या फ्रीमॉन्ट शहराशी तिचा काही संबंध नाही, पण नव्याने आलेल्यांचा हा घोळ हमखास होतो.) मुलं पाचवी-सहावीत आहेत आणि या दोन शाळांपाशी घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितेय.

आधी निकाल, कारण सगळे तेच बघतात. कॅलिफोर्नियात अकरावीला इंग्रजी आणि गणिताची राज्य परीक्षा होते. मॉन्टा व्हिस्टात गणितात दहापैकी जवळजवळ नऊ मुलं अपेक्षित पातळी गाठतात; फ्रीमॉन्टमध्ये साधारण निम्मी. इथेच बरेचजण लॅपटॉप मिटतात. पण राज्यभरात अकरावीला गणितात ही पातळी गाठणाऱ्यांचं प्रमाण अलीकडे तीस टक्क्यांच्या आसपासच घुटमळतंय. म्हणजे ज्या शाळेला नाकं मुरडायची, ती राज्याच्या बरीच पुढे आहे.

आता वर्गात कोण बसतं ते बघा. मॉन्टा व्हिस्टात सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त मुलं एशियन, म्हणजे मुख्यतः चिनी आणि भारतीय घरांतली. लॅटिनो मुलं अगदी थोडी, कमी उत्पन्नाच्या घरांतली त्याहून फार जास्त नाहीत. फ्रीमॉन्टमध्ये लॅटिनो मुलं निम्म्याच्या जवळपास, एशियन साधारण एक चतुर्थांश आणि बरीच मुलं ‘सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित’ या रकान्यात. या रकान्यात नुसतं उत्पन्न मोजत नाहीत. आईवडील दोघंही हायस्कूल पूर्ण न केलेले असतील तरी मूल त्यातच धरतात. एका शाळेत आईबाप दोघंही इंजिनिअर, दुसरीत कित्येकांच्या घरी दहावीपुढे शिकलेलं कुणी नाही. मग एकूण टक्केवारी शाळा कशी शिकवते हे सांगते, की त्या भागात कोणाला घर परवडतं हे? माझ्या मते बऱ्याच अंशी दुसरंच.

म्हणून एकूण आकडा सोडा आणि गटवार बघा. कॅलिफोर्निया स्कूल डॅशबोर्ड या राज्याच्या वेबसाइटवर सगळं फुकट आहे. फ्रीमॉन्टचा एकूण गणिताचा आकडा आणि तिथल्या एशियन मुलांचा आकडा शेजारी ठेवलेत तर मोठी तफावत दिसेल, आणि आपल्या घरातल्या मुलाला लागू पडेल तो दुसरा आकडा. तिथल्या लॅटिनो मुलांचा गणिताचा निकाल मात्र खरोखर खाली आहे, ते शाळेचं दुखणं आहेच. मॉन्टा व्हिस्टाची अशा मुलांना शिकवण्यात कसोटी लागतच नाही म्हणा ना. तशी मुलंच तिथे मोजकी.

पैसा आणि शिक्षक या बाबतीत फार बोलण्यासारखं नाही. डिस्ट्रिक्ट एकच, पगाराची श्रेणी एकच. निधी मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि डिस्ट्रिक्टच्या पाचही शाळांना एकाच तिजोरीतून मिळतो. कॅल्क्युलस, कॉम्प्युटर सायन्सचे एपी (कॉलेजच्या पातळीचे वर्ग) दोन्हीकडे आहेत. फरक हा की मॉन्टा व्हिस्टात असे वर्ग जास्त भरतात आणि शेजारच्या बाकावरचं पोर आठवीतच पुढचं गणित बाहेरच्या क्लासमध्ये उरकून आलेलं असतं. स्पर्धेत फुलणाऱ्या मुलाला ही हवा मानवते. गणितात जरा मागे असलेल्या मुलाला तिथे स्वतःबद्दल भलताच न्यूनगंड येऊ शकतो, आणि मग शिकवणीचा खर्च घराच्या हप्त्यावर. फ्रीमॉन्टमध्ये घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी एव्हिडसारखा कार्यक्रम आहे. आपल्या मुलाला त्याची गरज नसेल, पण आधार देण्याची सवय शाळेला असणं काही वाईट नाही.

सगळ्यांचं खरं लक्ष असतं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे. तिथे एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण आता प्रवेशासाठी बघतच नाहीत. अर्ज वाचताना तुमच्या शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं तुम्ही काय घेतलंत हे पाहतात. पात्रतेचा जीपीए (गुणांची सरासरी) काढताना एपी-ऑनर्ससारख्या वरच्या पातळीच्या विषयांचा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना मिळतो, म्हणजे वर्षभराचे चार विषय. पोराला बारा एपी घ्यायला लावणाऱ्या पालकांना हे सांगितलं की पटत नाही. शिवाय प्रत्येक शाळेतल्या वरच्या नऊ टक्के मुलांना, जागा असेल तर, कुठल्या ना कुठल्या कॅम्पसमध्ये जागेची हमी आहे. ती जागा बर्कलीची नसते, बहुधा मर्सेडची असते; तरी पण हा नऊ टक्क्यांचा उंबरठा मॉन्टा व्हिस्टात किती उंच असेल याचा अंदाज करा.

पटसंख्येकडेही लक्ष असू द्या. मॉन्टा व्हिस्टाचा पट काही वर्षांपूर्वी तेवीसशेच्या आसपास होता, आता दोन हजारांच्या बराच खाली आलाय. लहान मुलं असलेल्या तरुण कुटुंबांना तिथली घरं झेपत नाहीत. पट घटला की निवडीचे विषय आणि सेक्शन कमी होण्याची भीती असते.

माझं मत विचाराल तर: मूल स्वतःहून अभ्यासात पुढे असेल, त्याला तसेच मित्र हवे असतील आणि हप्ता दोघांच्या पगारात न कुरकुरता बसत असेल, तर मॉन्टा व्हिस्टा घ्या. त्यासाठी ओढाताण होत असेल, एक नोकरी गेली तर घर विकावं लागेल अशी गत असेल, तर मुळीच नको. फ्रीमॉन्टच्या हद्दीतलं घर घ्या आणि वाचलेले पैसे कॉलेजसाठी ठेवा. मधला मार्ग हवा असेल तर होमस्टेड आणि कूपर्टिनो हाय याच डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. स्टीव्ह जॉब्स होमस्टेडचाच.

सकाळी आठच्या सुमाराला एकदा मॅक्लेलन रोडवर गाडी घालून बघा. मॉन्टा व्हिस्टा, लिंकन एलिमेंटरी आणि केनेडी मिडल स्कूल जवळजवळ, तिन्हींची गर्दी त्याच परिसरात. आणि सही करण्याआधी घराचा नेमका पत्ता डिस्ट्रिक्टकडून तपासून घ्या. हद्दीच्या रेषा एजंटच्या पत्रकावर दिसत नाहीत, आणि पत्त्याची पडताळणी इथे कडक असते.