वेताळाची मुखपृष्ठे आणि नव्या पेठेतील एक दुकान

सोलापुरात नव्या पेठेतून आत वळणाऱ्या एका बोळात जुन्या पुस्तकांचे लहानसे दुकान आहे आणि त्याच्या पोटमाळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक विक्रीस ठेवलेले आहेत, असे कळल्यावरून गेल्या महिन्यात मी तेथे दोनदा जाऊन आलो. लहानपणी वाचलेल्या त्या गोष्टींपैकी आज एकही धड सांगता येणार नाही. मुखपृष्ठे मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत, म्हणून हे परीक्षण मुख्यतः मुखपृष्ठांचेच आहे.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. आतली चित्रे बहुतेक अमेरिकी वृत्तपत्रांतल्या चित्रपट्ट्यांतून आलेली असत. मुखपृष्ठांचे तसे नव्हते. सुरुवातीच्या काळातली कितीतरी मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी इथेच रंगवली, त्यामुळे आत शाईच्या रेघांचा वेताळ (मूळ इंग्रजीतला ‘फँटम’ हा मुखवटाधारी नायक) आणि बाहेर कुंचल्याने अंगावर मांस चढवलेला वेताळ, अशी ही जोडी होती. आबिद सुरती यांचा बहादूर हा नायक १९७६ मध्ये आला, त्याची चित्रेही गोविंद यांचीच. त्याचे अंक या दुकानात तीनच आहेत, आणि तिन्ही फाटके.

माझी नोकरी चादरीच्या कारखान्यात ग्राफ कागदावर नक्षी भरण्याची होती, त्यामुळे थोड्या रंगांत काम भागवणाऱ्या माणसाविषयी मला आपोआप आदर वाटतो. वेताळाच्या पोशाखाचा रंग हीच एक गंमत आहे. त्याचे निर्माते ली फॉक यांच्या मनात राखाडी रंग होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पाने सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला, पुढे इटलीत लाल आणि स्वीडनकडे निळा झाला. दुकानदाराने काढून दिलेल्या एका अंकावर वेताळ घोड्यावर बसलेला आहे. मागचे आकाश हळदीच्या रंगाचे आहे आणि लाल रंगाचा ठसा केसभर उजवीकडे सरकल्यामुळे घोड्याच्या मानेला एक तांबूस कड आली आहे. नक्षी अशी सरकली असती तर ती चादर आम्ही दुय्यम मालात टाकली असती, पण इथे त्या कडेमुळेच घोडा पळतो आहे असे वाटते.

सोलापूरचे दुकान असल्यामुळे ढिगात मराठीबरोबर कानडी अंकही निघतात. एकाच चित्रावर एकदा मराठी आणि एकदा कानडी मथळा पाहताना आमच्या चाळीतली अदलाबदल आठवली. तेव्हा कानडी घरातला मित्र मला चित्रे दाखवी आणि मी त्याला मजकूर वाचून दाखवी.

आता तक्रारी. किमतीचे लेबल थेट मुखपृष्ठावर, तेही मथळ्याच्या अक्षरांवर चिकटवण्याची सवय या दुकानाने सोडली पाहिजे. माझ्या अंकावरचे लेबल काढताना नखाएवढा रंग त्याच्याबरोबर निघून आला. पाठीला लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून कागदाला तेलकट डाग पडले आहेत. बऱ्या अवस्थेतला अंक तीनशेपासून आठशे रुपयांपर्यंत आहे आणि घासाघीस चालत नाही. मुखपृष्ठांच्या नव्याने छापलेल्या फ्रेमही तेथे मिळतात, पण त्या घेऊ नयेत, कारण गुळगुळीत कागदावर तो लाल रंग लग्नाच्या बॅनरसारखा भडक दिसतो आणि जुन्या खरबरीत कागदात मुरलेला रंग त्यात उरत नाही.

दुकानदार मात्र प्रामाणिक आहे. पैसे देण्यासाठी मी पाकीट काढले तेव्हा त्यानेच अंक उघडून दाखवला. ‘‘काका, मधलं एक पान नाही बघा, नंतर म्हणू नका,’’ असे म्हणून त्याने पन्नास रुपये कमी केले. मी घेतला तो अंक कानडी आहे, कारण त्याच मुखपृष्ठाची मराठी प्रत उन्हाने पार विटलेली होती. तो आता कपाटाच्या काचेआड उभा आहे, आणि आत काय गोष्ट आहे हे त्या जुन्या मित्राला विचारायचे अजून राहून गेले आहे.