आर्केड कॅबिनेटसाठी ‘प्रोग्रामेबल’ बटणांचं किट घेताय? आधी हे वाचा

इंदूरमध्ये घरच्या घरी आर्केड कॅबिनेट (जुन्या गेम पार्लरमधल्यासारखं उभं खेळयंत्र) बनवणाऱ्यांच्या गळ्यात सध्या एक किट मारलं जातंय. सोळा पारदर्शक बटणं, एक रिमोट, एक काळा डबा आणि अडॅप्टर. किंमत साडेचार हजारांच्या आसपास, पैसे आधी यूपीआयनं, बिल नाही. जाहिरातीतले शब्द असे: ‘प्रोग्रामेबल आरजीबी, हर बटन अलग कलर, गेम के हिसाब से.’ (आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा.) पाठोपाठ अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ येतो. त्यात सोळाही बटणं झगमगत असतात आणि माणूस तिथेच भुलतो.

‘गेमप्रमाणे रंग’ म्हणजे काय हे आधी डोक्यात पक्कं असू द्या. पॅक-मॅनला नुसती जॉयस्टिक लागते, म्हणजे स्टार्ट आणि कॉइन सोडून बाकी बटणं बंद राहायला हवीत. स्ट्रीट फायटर २ लावला की प्रत्येक खेळाडूची सहा बटणं पेटली पाहिजेत. हे जमायला दोन गोष्टी लागतात: प्रत्येक बटणापर्यंत स्वतंत्र हुकूम पोचला पाहिजे आणि तो हुकूम देणारा कंट्रोलर कॉम्प्युटरशी बोलणारा हवा. या किटमध्ये दोन्ही नाहीत.

बटणाचा मागचा होल्डर फिरवून बाहेर काढा. आत दोन पायांचा एलईडी दिसेल. हा स्वतःहून रंग बदलणारा एलईडी, दिवाळीच्या स्वस्त दिव्यांत असतो तोच. त्याच्या पोटात एक चिप असते, ५ व्होल्ट मिळाले की ती आपल्या तालावर लाल, हिरवा, निळा असं चक्र फिरवत राहते. बाहेरून काही सांगायला तिला वाटच नाही, कारण दोन्ही पाय विजेला गेले. त्याला पीडब्ल्यूएमनं, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करून, मंद करायला जाल तर दर स्पंदनाला वीज तुटते आणि चक्र पुन्हा पहिल्या रंगावर येऊन बसतं.

व्हिडिओतली खरी हातचलाखी या चिपच्या तालात आहे. वीज देताच सोळाही एलईडी एकाच रंगापासून एकदम निघतात, त्यामुळे सगळं कुणीतरी शिस्तीत चालवतंय असं वाटतं. पण प्रत्येक चिपची गती किंचित वेगळी असते. मिनिटा-दोन मिनिटांत ते मागे-पुढे सरकतात आणि रंगांची लाट पसरल्यासारखी दिसते. विकणारा त्याला ‘दुसरा पॅटर्न’ म्हणतो. मग रिमोट दाबतो, काळ्या डब्यातून ‘टिक’ असा बारीक आवाज येतो आणि सगळी बटणं पुन्हा एका रंगावर. तो आवाज रिलेचा, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचचा. डब्यात रिले आणि रिमोटचा रिसीव्हर एवढंच असतं. बटण दाबलं की वीज क्षणभर तुटते आणि परत येते, झाला ‘मोड चेंज’. व्हिडिओ मोठ्या आवाजात ऐका, गाणं लावलेलं नसेल तर टिक स्पष्ट ऐकू येते. बहुतेक वेळा गाणं लावलेलं असतंच.

म्हणून दुकानात किंवा व्हिडिओ कॉलवर एकच मागणी करा: फक्त तिसरं बटण निळं करून दाखवा, बाकी सगळी बंद. खऱ्या मालाला हे दोन मिनिटांचं काम आहे. ‘वो सॉफ्टवेअर बाद में भेज दूंगा, भिया’ असं उत्तर आलं तर तिथूनच मागे फिरा.

एका जादा हुशार आवृत्तीत एलईडी खरे असतात, गडबड कंट्रोलरमध्ये असते. खरा एलईडी ओळखणं सोपं आहे. डब्ल्यूएस२८१२बी हा डेटावर चालणारा एलईडी ५ बाय ५ मिलिमीटरचा, चार पायांचा. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन झूम केलात तर आत रंगांच्या तीन ठिपक्यांशेजारी एक काळसर चिप दिसते. साध्या आरजीबी एलईडीला सहा पाय असतात आणि ती चिप नसते. प्रत्येक बटणाकडे तीन वायरी येतात (५ व्होल्ट, डेटा, ग्राउंड) आणि पुढच्या बटणाकडे तीन जातात. एवढं जुळलं तरी कंट्रोलरवरचं चिपचं नाव सँडपेपरनं घासलेलं असेल, तर त्यात ठरावीक पॅटर्न भरून कुलूप लावलंय असं समजा. त्याचा यूएसबी पोर्टही फसवा असू शकतो. डेटा जाणाऱ्या केबलनं तो कॉम्प्युटरला लावा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये किंवा लिनक्सवर एलएसयूएसबी या कमांडच्या यादीत नवीन काही आलं नाही, तर तो पोर्ट फक्त विजेपुरता आहे.

कंट्रोलर स्वतःचा वापरणं केव्हाही बरं. रास्पबेरी पाय पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीपी२०४०-सीई हे मोफत फर्मवेअर टाकता येतं. बोर्डवरचं बूटसेल बटण दाबून ठेवून यूएसबी लावली की पिको ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात यूएफ२ फाइल टाकायची, झालं. बटणांचे इनपुट आणि एलईडी दोन्ही तोच सांभाळतो, मात्र रंग बटणाप्रमाणे ठरतात, गेमप्रमाणे आपोआप नाही. गेमप्रमाणे हवे असतील तर विंडोजवर मेम या आर्केड गेम चालवणाऱ्या प्रोग्रामसोबत एलईडीब्लिंकी हे दिवे सांभाळणारं सॉफ्टवेअर आणि त्याला चालणारं बोर्ड लागतं. तिथे आउटपुट मोजून घ्या: एका आरजीबी बटणाला तीन, म्हणजे सोळा बटणांना ४८. पॅक-एलईडी६४ या बोर्डवर ६४ आहेत, पुरतात. एलईडी-विझवर ३२ आहेत, म्हणजे दहाच बटणं. या बोर्डांना मात्र चार वायरींची साधी आरजीबी बटणं लागतात, डेटावाली चालत नाहीत. दोन्ही प्रकारचा माल एकत्र खपवणारेही आहेत.

आता ‘आपकी वायरिंग में फॉल्ट होगा’ या नेहमीच्या उत्तराबद्दल. कधीकधी ते खरंही असतं, म्हणून आपली बाजू आधी पक्की करा. पिकोचा डेटा ३.३ व्होल्टचा. डब्ल्यूएस२८१२बी आपल्या पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेजला ‘हाय’ मानतो, म्हणजे ५ व्होल्टवर ३.५. टेबलावर वीतभर वायरनं ते चालून जातं, पण कॅबिनेटमध्ये मीटरभर वायर झाली की बटणं वेड्यासारखी लुकलुकतात. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही डेटाचं व्होल्टेज ५ पर्यंत चढवणारी चिप घाला. पहिल्या एलईडीच्या डेटाजवळ ३३० ओमचा रेझिस्टर आणि पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. एलईडीच्या अडॅप्टरचं ग्राउंड पिकोच्या ग्राउंडला जोडा, त्याचे ५ व्होल्ट मात्र यूएसबीच्या ५ व्होल्टला जोडू नका. वीज उलटी कॉम्प्युटरच्या पोर्टात शिरते.

अडॅप्टरवर ‘५ व्होल्ट १० अँपिअर’ लिहिलेलं असतं आणि हातात घेतलं तर मोबाइलच्या चार्जरएवढं हलकं. गरज किती, ते बघा. बटणात चार एलईडी धरले तर सोळा बटणांत ६४. पूर्ण तेजाच्या पांढऱ्या रंगात एकाला ६० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे ३.८४ अँपिअर. ५ अँपिअरचं प्रामाणिक एसएमपीएस पुरेसं आहे. तपासायला ४.७ ओम १० वॉटचे चार सिमेंट रेझिस्टर फरशीवर ठेवून समांतर जोडा, सव्वाचार अँपिअरच्या आसपास ओढले जातात. पाचेक मिनिटं चालवून मल्टीमीटर लावा. ४.७५ व्होल्टच्या खाली आलं तर स्टिकर खोटं. (रेझिस्टर चटका बसेल इतके तापतात, हात लावू नका.) कॅबिनेटमध्ये हाच दोष रंगांत दिसतो. पांढरा द्या, शेवटची बटणं पिवळसर-लाल दिसतात, कारण निळ्या आणि हिरव्याला जास्त व्होल्ट लागतात, लाल कमीत पेटतो.

वायरींचंही पहा. ‘कॉपर’ म्हणून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम दिलं जातं. तारेचं टोक ब्लेडनं खरवडा, आत चंदेरी निघालं की ओळखा. कथिल चढवलेलं तांबं वरून चंदेरी असतं, पण आत लाल निघतं. मुलामा घासला गेला की आतल्या ॲल्युमिनियमला सोल्डर धरत नाही, जोड काही दिवसांनी सुटतो आणि दोष मात्र आपल्या हाताला येतो.

इंदूरच्या महाराणी रोड किंवा जेल रोडवर समोर उभं राहून घ्यायची सोय असताना आधी पैसे पाठवण्याची गरजच नाही. तरी पाठवले असतील तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पॅकेट फोडतानाचा सलग व्हिडिओ जपून ठेवा. माल आलाच नाही तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. खोटा माल आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीत ‘लाइट नीट लागत नाही’ असं ढोबळ लिहू नका. ‘प्रत्येक बटण वेगळं चालेल असं सांगितलं होतं, आत दोन पायांचे स्वयंचलित एलईडी निघाले’ असं लिहा आणि होल्डर उघडल्याचा फोटो जोडा.

किट आधीच पदरात पडलं असेल तर बटणांची बॉडी आणि मायक्रोस्विच सहसा ठीक असतात, ते फेकू नका. मल्टीमीटरच्या बीपवर प्रत्येक स्विच दाबून पाहा. होल्डरमधला दोन पायांचा एलईडी काढून त्या जागी डब्ल्यूएस२८१२बीची साधारण १० मिलिमीटरची गोल चकती बसवता येते, वायरींपुरतं भोक मोठं करावं लागतं. चकतीवर डीआयएन (डेटा आत) आणि डीआउट (डेटा बाहेर) छापलेलं असतं. एक जरी उलटी लागली तरी तिथून पुढची सगळी बटणं अंधारात जातात, म्हणून गोंद लावण्याआधी सगळी साखळी टेबलावर पेटवून घ्या.